गुरुदत्तकाका सापडले का?

कुमुदने नवऱ्याला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं, सुई डब्यात टाकली आणि पोहे भिजवायला घेतले. रोजचंच काम. इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात पोटात काहीतरी पडलंच पाहिजे, नाहीतर साखर अशी उतरते की माणूस बसल्या जागी कलंडतो. डॉक्टरांनी हे इतक्यांदा बजावलं होतं की कुमुदला झोपेतही पाठ होतं. गुरुदत्तरावांना मात्र गेल्या वर्षापासून काहीच पाठ राहत नव्हतं. आपण जेवलो की नाही, हेसुद्धा ते तिलाच विचारायचे.

कांदा चिरून झाला, कढईत तेल तापलं आणि फोन किरकिरायला लागला. पनवेलच्या त्यांच्या सेक्टरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्यावरून जुंपली होती. कुमुद त्या ग्रुपची अ‍ॅडमिन. अ‍ॅडमिन म्हणजे काय, तर फुकटची पाटीलकी! कुणीतरी कुणाला 'तुम्ही भाडेकरू, तुम्ही बोलूच नका' असं लिहिलं होतं, भाडेकरूने उलट त्याचे आईबाप काढले होते, आणि दोघांच्या मध्ये एका महाभागाने गुलाबाचं फूल टाकून सुप्रभात केली होती. खाली बहिणींच्या ग्रुपवर भाचीच्या डोहाळजेवणाचे फोटो साचले होते. योगावर्गाच्या ग्रुपवर मधुमेहावर कारल्याचा रस. कुमुदने गॅस बारीक केला आणि 'कृपया वैयक्तिक टीका टाळावी' असं लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. तोवर भांडण पुढे सरकलं होतं, मग ते वाचणं आलं.

कांदा करपल्याचा वास आला तेव्हा बाई भानावर आल्या.

"अहो, आणतेच हं," ती ओरडली. हॉलमधली खुर्ची रिकामी, दार सताड उघडं आणि चपला गायब.

कुमुद गाऊनवर ओढणी टाकून तशीच खाली धावली. वॉचमन चहाला गेलेला. गेटबाहेर दोन्ही बाजूंना रस्ता रिकामा, नाक्यावरच्या बागेत फक्त क्रिकेट खेळणारी पोरं. इंजेक्शन आत गेलंय आणि पोटात अन्नाचा कण नाही! आता काय करायचं? मग तिने तेच केलं, जे आजकाल आपण सगळेच करतो. फोन उघडला.

फोटो टाकायचा, तर कुठला? नवऱ्याचे हल्लीचे फोटो तिच्याकडे नव्हतेच. दाढीचे पांढरे खुंट, बनियन, पायजमा, हरवलेली नजर, असा कोण काढून ठेवतो? तिने मुलाच्या लग्नातला काढला. डोक्याला केशरी फेटा, मिशा काळ्याभोर, छाती पुढे. किती रुबाबदार दिसत होते! 'माझे पती घरातून निघून गेले आहेत, इन्सुलिन घेतलंय, काही खाल्लेलं नाही, दिसल्यास ताबडतोब कळवा,' असं लिहून तिने तो फोटो जितके ग्रुप होते तितक्यांवर टाकला.

आणि मग धरण फुटलं.

हात जोडलेले, रडके चेहरे, 'स्वामी पाठीशी आहेत', 'पोलिसांत कळवलं का?', 'कुठलं पनवेल, जुनं की नवीन?'. एकाने मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ टाकला. अरे, बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला कोण पळवेल? कोणी स्टेशनवर फेटेवाला पाहिला, कोणी खांदेश्वरच्या तलावाकाठी. पोलीस चौकीतल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, फोटो पाठवा. कुमुद सगळ्यांना उत्तरं देत सुटली. अंगठा दुखायला लागला तरी थांबेना.

पुण्याहून स्वानंदचा फोन आला. पोरगा कॉम्प्युटरवाला, कंपनीत दहा जणांना कामाला लावणारा. "आई, रडू नकोस, आधी ऐक. मी 'बाबा शोध' नावाचा नवीन ग्रुप केलाय आणि एक शीट बनवलीय. जे जे कळेल ते मी त्यात भरतो. तू फक्त नवीन ग्रुप बघ. बाकीचे सगळे म्यूट कर, नाहीतर वेड लागेल तुला."

"अरे, पण सेक्टरचा ग्रुप?"

"तो तर आधी कर. तिथे नुसता कचरा असतो."

पोराचं चुकीचं काय होतं? त्याने सांगितलं, तिने केलं. फोन एकदम शांत झाला आणि तिला वाटलं, चला, निदान कोणीतरी शहाणं माणूस बघतंय.

नवीन ग्रुपवर पहिला फोटो आला तो गोवा रस्त्यावरच्या शिरढोण गावचा. पाराच्या कडेला एक म्हातारा पाठमोरा बसलेला, डोक्याला केशरी कापड. खाली स्वानंदने लिहिलं, 'शक्यता जास्त वाटते. ताबडतोब कोणीतरी जा.' तळमजल्यावरचा निकेश गाडी घेऊन दारात हजर. हा मूळचा गव्हाणचा, बापजाद्यांची मिठागरं गेली आणि पोरगा बिल्डर झाला. हातात दोन फोन, गळ्यात जाड साखळी, पण मनाने सोन्यासारखा.

"काकी, बसा. आमी हाय ना! टेन्शन घ्यायचा नाय."

टेन्शन घ्यायचा नाय म्हणे! पळस्पे फाट्याला ट्रकांची ही रांग. कुमुद मुठीत खडीसाखरेची पुडी धरून बसलेली, पुडी घामाने चिकट झालेली. निकेश एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने फोन. रस्त्यात आईस्क्रीमची गाडी दिसली तरी तिला वाटे, देवा, तेवढं तरी कोणी त्यांच्या तोंडात घालावं.

शिरढोणच्या पारावर म्हातारा होता तसाच बसलेला. कुमुद धावत गेली, पुढून बघितलं, तर चेहरा भलत्याचाच.

"बाई, मी नाय तो," म्हातारा वैतागून म्हणाला. "मी बुधाजी. सकालपास्ना तिघांनी फोटू काढला माजा. कोनी इचारला नाय, बाबा तू कोन म्हनून."

निकेश कपाळाला हात लावून परत आला, पण गाडीत बसेपर्यंत त्याचा चेहरा उजळला होता. "काकी, गव्हाणला दिसले! माजा चुलतभाव बोलतो, शंभर टक्के. उलव्याच्या रस्त्याला, फेटा बांधलेले. चला."

"फेटा?" कुमुद म्हणाली.

तिने फोन बघितला. ग्रुपवर स्टेशनवाले, तलाववाले, गव्हाणवाले भांडत होते. तिची बहीण मनिषा लिहीत होती, 'ताई, धीर धर.' वरून स्वानंदचा निरोप: 'आई, गव्हाणला जा, मी शीटमध्ये हिरवा रंग दिलाय.' आणि कुमुदच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. फेटा? फेटा आहे कुठे? फेटा लग्नानंतर ट्रंकेत पडलाय! तो माणूस बनियनवर घराबाहेर पडलाय. आणि त्यांचे गुडघे! दोन जिने चढायचे तर मध्ये बसतात, नाक्यावर जायचं म्हटलं तर 'आज राहू दे' म्हणतात. ते चालत शिरढोणला येतील? गव्हाणला? पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे दुसऱ्याने सांगायला हवं होतं? माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती!

"निकेश, गाडी घरी घे."

"अवो, पन गव्हाण—"

"घरी घे म्हणते ना!" तिने फोन बंद केला, अगदी पडदा काळा होईपर्यंत बटण दाबून धरलं. निकेशने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गाडी वळवली. परतीच्या वाटेवर कुमुद एकच विचार करत होती. फार वेळ झाला. फार म्हणजे फारच.

गेटपाशी उतरून ती उभी राहिली. ते इथून निघाले. समोर ऊन, म्हणजे सावलीने डावीकडे. दुखऱ्या गुडघ्यांनी किती जातील? कोपऱ्यापर्यंत. मग भूक लागली असेल, घर आठवलं असेल, परत फिरले असतील. ती कोपऱ्यापर्यंत चालत गेली, तिथून उलटी फिरली आणि पहिलं गेट समोर आलं ते तिचं नव्हतं. शेजारच्या इमारतीचं होतं. सिडकोने एका साच्यातून काढाव्यात तशा या इमारती, आणि यंदा दोन्ही सोसायट्यांनी स्वस्त पडतं म्हणून एकाच कंत्राटदाराकडून एकच पिवळा रंग मारून घेतलेला. तेच गेट, तोच जिना. कुमुदही एकदा भाजी घेऊन इथेच शिरली होती आणि हसत परतली होती.

ती जिना चढली नाही, कठडा धरून स्वतःला खेचत वर गेली.

दुसऱ्या मजल्यावर, घरी त्यांचं दार असतं तिथेच, डाव्या हाताच्या दारासमोर, गुरुदत्तराव भिंतीला डोकं टेकून बसले होते. बनियन घामाने ओलं होऊन अंगावर थंड पडलं होतं. शेजारी पाण्याचा रिकामा ग्लास ठेवलेला.

"अहो! अहो, मी आलेय, बघा ना!" तिने पुडी फाडली, खडीसाखर दाताखाली चावून बारीक केली आणि बोटाने त्यांच्या हिरड्यांना चोळायला लागली. तोंड उघडंच राहिलं. साखर ओठांवरून खाली सांडली.

दार उघडलं. अनुया बाहेर आली, महिन्यापूर्वी भाड्याने राहायला आलेली तरुण मुलगी. "अय्या, हे तुमचे होय काकू? यांनी सकाळी माझी बेल वाजवली. 'कुमुद, पोहे झाले का?' म्हणाले. मी म्हटलं, आजोबा चुकलात तुम्ही, बसा इथे. पाणी दिलं. सेक्टरच्या ग्रुपवर लगेच टाकलं पण, की आमच्या जिन्यात एक आजोबा आहेत, कोणाचे आहेत. कोणीच काही बोललं नाही. तुमचा मेसेज त्याच्या वरच होता, पण त्यात फेटेवाले काका होते ना... तो तर मी माझ्या सगळ्या ग्रुपवर फॉरवर्ड केला, काकू. हे बसले होते शांत. मला वाटलं, झोपलेत."

"साखर आण!" कुमुद किंचाळली. "नाहीतर मध आण, काहीही आण! डॉक्टर बोलवा कुणीतरी!"

दारं उघडली. वरचे, खालचे, सगळे जिन्यात जमले, सगळ्यांच्या हातात फोन. "सापडले, सापडले!" कुणीतरी ओरडलं. कुणी डॉक्टरांना फोन लावत होतं, कुणी फोटो काढत होतं. फेट्याशिवायचा, पहिल्यांदाच. साखरेची वाटी आली. कुमुद चोळत राहिली, गाल थोपटत राहिली, "पोहे करते हो, आत्ता करते," म्हणत राहिली. त्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई धापा टाकत आल्या, मनगट धरलं, मग मान चाचपली, छातीला कान लावला. बराच वेळ लावला. मग त्यांनी कुमुदचा साखरेने माखलेला हात आपल्या हातात घेतला आणि तिथेच थांबवला.

तेवढ्यात अनुयाचा फोन वाजला. तिने तो काही न कळून कुमुदच्या कानाला लावला.

"आई! तुझा फोन का बंद आहे?" स्वानंद हसत होता, रडत होता. "वाचलं मी ग्रुपवर, सापडले ना! हा नंबरही तिथेच मिळाला. सगळे अभिनंदन करतायत बघ. बाबांना दे, बाबांशी बोलू दे मला."

"स्वानंद," कुमुद म्हणाली, "ते उठत नाहीयेत रे."

पलीकडे, स्वानंदच्या मागे, मेसेज येण्याचा आवाज तेवढा चालू होता.