ओंडक्यावरची अळंबी

परसातल्या कुजक्या ओंडक्यावर करड्या पंख्यांसारखी अळंबी फुटली आणि ती खावी की नाही, या विचाराने शिंपीणबाई बुचकळ्यात पडल्या. नणंद म्हणाली, "वहिनी, ही धिंगरीच. बाजारात मिळते तीच."

अळंबीच्या एका पुस्तकात लिहिलं होतं, की अळंबीची टोपी, म्हणजे वरचा पंखा, रात्रभर कागदावर ठेवून द्यावी. टोपीखालून बीजाणूंची बारीक भुकटी गळते, धिंगरीची पांढरी पडते. बाईंनी ठेवली. सकाळी कागद कोराच.

"म्हणजे ही धिंगरी नाही?"

"वहिनी, कागदच पांढरा आहे," नणंद हसू दाबत म्हणाली.

मग काळ्या अस्तराच्या तुकड्यावर दुसरी टोपी ठेवली. भुकटी पडली खरी, पण नणंदेला ती पांढरी दिसली, बाईंना फिकट तपकिरी. खिडकीशी नेऊन पाहिली, तरी एकमत होईना.

"मला काही कळेनासं झालंय," बाई म्हणाल्या. "तू पिशवी घे, बाजारातलीच आणू."