पाळण्याला बांधलेली बाटली

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्हाला तोंड नाही, हात नाहीत, पाय नाहीत. तुम्हाला एकच गोष्ट सांगता येते, आणि तीही काळे पडून. तुम्ही काळेकुट्ट पडला आहात आणि खोलीतली माणसे तुमच्याकडे बघून आनंदाने हसत आहेत. तुम्हाला कसे वाटेल?

मी एक जुनी काचेची बाटली आहे. माझी उंची तुमच्या बोटाएवढी. औरंगाबादच्या एका प्रयोगशाळेत माझ्या पोटात औषधात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी घातली आणि घट्ट झाकण लावले. माझ्यात पाणी भरून मला उबेला ठेवायचे. पाण्यात घाणीतले जंतू असले, तर ते त्या औषधावर पोसतात, वाढतात, आणि त्यांच्या वाढण्याने मी काळी पडते. पाणी चांगले असेल, तर माझा रंग बदलत नाही. तालुक्याच्या शिबिरात डॉक्टरांनी मला उंच धरून सांगितले होते, "ही लहान आहे, पण खोटं बोलत नाही." त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

केदारखेड्याकडच्या एका वस्तीवर मला गिरिजाबाई घेऊन आल्या. त्या आरोग्यसेविका. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्या वर्षी पोळ्यानंतर झोडपून पाऊस झाला होता आणि ओढ्याकाठची घाण वाहून विहिरीकडे आली होती. सिस्टरांनी पोहऱ्यातले पाणी माझ्यात ओतले, तेव्हा घागर घेऊन उभी असलेली सोनूबाई हसली.

"सिस्टर, अत्तर भरून नेऊन राह्यल्या का आमच्या विहिरीचं?"

"अत्तर हाय का काय हाय, ते हीच सांगन आता," सिस्टर म्हणाल्या.

मला ऊब हवी होती. वस्तीत सगळ्यात उबदार जागा कोणती? विहिरीजवळच्या साहेबरावांच्या घरातली बाळंतिणीची खोली. तिथे त्यांच्या बायकोच्या, गोजराबाईच्या, बाजेखाली शेगडी धगधगत होती. तिच्या कुशीत तान्हे बाळ होते. बारशासाठी टांगलेल्या पाळण्यावरच्या कोनाड्यात मला ठेवून सिस्टरांनी बाळाच्या थोरल्या बहिणीला, बेबीनंदाला, जवळ घेतले.

"झाकण उघडू नको. काळी पडली तर विहिरीचं पाणी उकळल्याबिगर कुणाला देऊ नको. मी परवा येते."

पण परवा त्या आल्या नाहीत. त्यांना पोलिओच्या डोसासाठी दुसऱ्या गावांना पाठवले होते.

मी मात्र माझे काम केले. बारशाच्या सकाळपर्यंत मी पार काळी झाले. बाळाची आत्या झुंबरबाई आदल्या दिवशीच बदनापूरहून आली होती. बाळ रात्रभर किरकिर करून नुकतेच शांत झोपले होते. आत्याने आधी बाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अगं बाई! काल तं ही पाण्यासारखी साफ होती. कुणी हातबी लावला न्हाई, अन् आपोआप काळी? गोजरा, लेकराची सगळी नजर हिनं ओढून घेतली बघ!"

"आत्या, न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "सिस्टर म्हणल्या, काळी पडली म्हंजे पाणी खराब. उकळून द्या म्हणल्या."

"उकळल्या पाण्यात घुटीचा गुण राह्यतो का? तुझा बाप याच पाण्यावर वाढला. शाळेत काय गेली, आत्याला शिकवायला लागली!"

सगळे हसले. आत्याने काळ्या दोऱ्याने मला पाळण्याला बांधले, कुंकवाचे बोट लावले, आणि बाळाच्या कानात नाव सांगितले, संपत.

मित्रांनो, तेवढे प्रेम माझ्यावर कुणी केले नव्हते. आत्या रोज संध्याकाळी माझ्यावरून हात फिरवून बोटे मोडायची. मग सहाणेवर विहिरीचे पाणी घालून जायफळ, हळकुंड उगाळायची आणि बोटाने संपतच्या ओठांना लावायची. तो मिटक्या मारत चाटायचा. मी त्याच्या डोळ्यांसमोर झुलत होते. याहून जास्त काळे मला होता येत नव्हते.

मग संपतला जुलाब लागले. त्याची टाळू खोल गेली. रडताना आवाज निघेना. साहेबरावांनी जीप आणली आणि त्याला जालन्याला नेले. आत्या मला म्हणाली, "बाई, संभाळ गं लेकराला."

जीप परत आली, तेव्हा गोजराबाईच्या मांडीवर नुसते दुपटे होते.

सिस्टर आल्या त्या दिवशी पाळणा अजून उतरवला नव्हता. मला तिथे बघून त्या खालीच बसल्या.

"सिस्टर, म्या नजरंसाठी बांधली हो तिला," आत्या म्हणाली. सिस्टरांनी तिला सगळे समजावून सांगितले. ऐकता ऐकता आत्या आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिली. मला तिचा राग कधीच आला नाही. बाळावर तिच्याइतका जीव कुणाचाच नव्हता.

आता मी सिस्टरांच्या कपाटात असते. त्या सांगतात, मोठ्या प्रयोगशाळांत जैवसंवेदक नावाची यंत्रे आली आहेत. थेंबभर पाण्यातला घातक जंतू ती चटकन ओळखतात. ऐकून बरे वाटते. पण मित्रांनो, यंत्र कितीही हुशार असले, तरी ते काय सांगते हे माणसाला ऐकावे लागते. आणि एखादे मूल ते आधीच सांगत असेल, तर हसू नका.

त्या दिवशी सिस्टर बोलत असतानाच बेबीनंदा उठली. तिने पाळण्याचा दोरा सोडला, मला मुठीत घेतले आणि विहिरीवर गेली. तिथे सोनूबाई पोहरा सोडतच होती.

"सरक गं पोरी, स्वयंपाक खोळंबलाय."

बेबीनंदाने त्याच काळ्या दोऱ्याने मला पोहऱ्याच्या कडीला बांधले. मग दोन्ही हातांनी दोर घट्ट धरला.

"काकू, आधी हिच्याकडं बघा," ती म्हणाली, आणि तिने दोर सोडला नाही.