तीस स्वच्छ कागद

एकाच घरात एक बाई धूळ झाडते आणि दुसरी तीच धूळ तोलते, तेव्हा त्या घरात शांतता नांदेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. तरी या घरात ती नांदत होती, आणि त्याचं श्रेय दोघींनाही द्यायला हवं.

तोलणारी ती सून. ती प्रदूषण खात्याच्या प्रयोगशाळेत होती. काम ऐकायला सोपं: एक पांढरा कागद तोलायचा, यंत्रात बसवायचा, चोवीस तास त्यातून हवा ओढू द्यायची, आणि मग तोच कागद परत तोलायचा. वजनात जो फरक पडेल ती त्या दिवसाची धूळ. फरक इतका नाजूक की तोलताना ती श्वास रोखून धरायची, आणि कुणी अंगाला पावडर लावून तोलायच्या खोलीत आलं तर त्याला बाहेर काढायची, मग तो साहेब का असेना. साहेबांना एकदा काढलंही होतं. तेव्हापासून ऑफिसात तिला मिलिग्रॅमबाई म्हणत.

झाडणाऱ्या त्या सासूबाई. दिवसातून तीनदा झाडू, दोनदा ओलं फडकं, आणि पाहुणे येणार असतील तर पाहुण्यांच्या आधी एकदा व पाहुणे गेल्यावर एकदा. सासूबाईंचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, बस डेपोत वेळापत्रकं लावायचा. लहानपणापासून तो एकच गोष्ट पक्की शिकला होता: पाय पुसल्याशिवाय घरात मत मांडायचं नाही. गल्लीत सासूबाईंच्या स्वच्छतेचा दरारा होता. लोक त्यांच्या दाराशी उभं राहूनच बोलत, आणि सासूबाईंना ते आवडत असे.

गल्लीच्या टोकाला खडी फोडायचा कारखाना होता. मालकाला सगळे खडीशेठ म्हणत. एका पाळीत भागत नाही म्हणून खडीशेठनी दुसऱ्या पाळीसाठी अर्ज केला आणि गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. एका पाळीतच शिंपीकाकूंनी पांढरं कापड शिवायला घेणं बंद केलं होतं. सकाळी कापलेला सदरा संध्याकाळी राखाडी होऊन गिऱ्हाइकाच्या हाती जायचा, आणि गिऱ्हाईक काही राखाडी सदऱ्यासाठी आलेलं नसायचं. शिंपीकाकूंनी बासष्ट घरांच्या सह्या गोळा केल्या आणि खात्यात तक्रार नेऊन आपटली.

कायद्याचं म्हणणं स्पष्ट होतं. सगळ्या देशाला मिळून एकच मर्यादा: एक घनमीटर हवेत चोवीस तासांची सरासरी धरून शंभर मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बारीक धूळ असता कामा नये. पाळी वाढवायची तर आधी शेजारच्या वस्तीत तीस नमुने घ्यायचे. मर्यादेच्या आत बसले तर परवानगी, नाही तर नाही. यंत्र कुठे ठेवायचं हेही कायद्यानेच ठरवून दिलेलं. फार खाली नको, फार वर नको, शेजारी भिंत नको, झाड नको, स्वयंपाकाचा धूर नको. मुलीसाठी स्थळ बघताना लोक इतके निकष लावत नाहीत. साऱ्या गल्लीत त्यात बसणारी गच्ची एकच निघाली, आणि ती निघाली मिलिग्रॅमबाईच्या घरची. साहेबांनी फाइलवर तसं स्पष्ट लिहिलं. खडीशेठनीही लेखी कळवलं की आमची हरकत नाही.

सुनेला अभिमान वाटला. सासूबाईंना तर जास्तच. सरकारचं यंत्र आपल्या गच्चीवर आलं म्हणून त्यांनी ते ठेवायच्या आधी गच्ची दोनदा धुऊन घेतली. यंत्र म्हणजे कमरेएवढं पत्र्याचं कपाट, वर उतरतं छप्पर, छपराखाली तो कागद. आठवड्यातून दोनदा सकाळी सात वाजता सून कागद बसवी, बटण दाबी आणि कामावर जाई. दुसऱ्या दिवशी सातला कागद काढून पाकिटात घाली.

पहिला आकडा आला एकेचाळीस. दुसरा अडतीस. तिसरा चव्वेचाळीस.

सुनेने तराजू तपासला. कोरा कागद तोलून पाहिला. यंत्र हवा किंचित कमी ओढत होतं, पण नियमात जेवढी सूट आहे तेवढीच. तिने त्याचं खापर विजेच्या दाबावर फोडलं. कागद काढावा तो जवळजवळ गेला तसाच पांढरा बाहेर येई. डोळ्यांना धूळ दिसायची, कागदाला दिसत नव्हती, आणि कायदा कागदाला विचारतो. पंधरा आठवडे हेच चाललं. मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी तिला खडीशेठच्या गाडीतून उतरताना पाहिलं म्हणे. त्या गाडीला तिचा हातसुद्धा कधी लागला नव्हता, पण जिभेला कुठे हाड असतं? शिंपीकाकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं. खडीशेठ मात्र रस्त्यात भेटले की आता नमस्कार करू लागले, आणि तो नमस्कार तिला शिवीपेक्षा जास्त लागायचा.

तिसावा कागद यंत्रात होता त्या दिवशीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनावणी होती, आणि साहेबांना यंत्राची नोंदवही हवी होती. ती नेमकी घरी राहिलेली. सून भर दुपारी घरी आली, वही घेतली, आणि आलोच आहोत तर एकदा यंत्र बघून जाऊ म्हणून गच्चीवर चढली.

यंत्राच्या डोक्याला मलमलचं शुभ्र फडकं गुंडाळलेलं होतं. छपराखालून नाडी घेऊन वर घट्ट गाठ. दाढ दुखणारा माणूस बांधून बसतो तसं ते सरकारी यंत्र बांधून बसलं होतं, आणि शेजारी उभ्या राहून सासूबाई फडक्याची एक सुरकुती नीट करत होत्या.

"आई, हे काय?"

"अगं, किती धूळ जाते त्यात दिवसभर," सासूबाई म्हणाल्या. "सरकारी वस्तू. खराब झाली तर तुझ्यावरच यायचं ना?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवसापासून हे चाललं होतं. सून कामावर गेली की सासूबाई फडकं बांधत. सकाळी ती उठायच्या आत सोडत, कारण ते धुवायचं असे. यात लपवाछपवी काही नव्हती. आपण दुसऱ्याच्या वस्तूची काळजी घेतो हे काय बोलून दाखवायचं, असा त्यांचा साधा हिशेब. फडकं दोरीवर इतर फडक्यांत वाळत असायचं आणि सून रोज त्याच्याखालून वाकून जायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. तिने वीज कंपनीला विजेच्या दाबाबद्दल दोन पत्रंही लिहिली होती.

सून पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली आणि आधी हसली. मग हसता हसता तिला रडू आलं. यंत्राचं काम धूळ खाणं हेच आहे, हे तिने सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी ती आत जाऊच दिली नाही. कागदावर जी हवा आली ती गाळून आली. आणि उद्या त्या गाळलेल्या हवेच्या जोरावर खडीशेठना दुसरी पाळी मिळणार.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे तीसही कागद वाया?"

"तीसही."

त्यांनी फडक्याची गाठ सोडायला घेतली. मग म्हणाल्या, "रद्द करायचे ते कर. पण माझं नाव गल्लीत नको घेऊस गं. हसतील मला."

सुनेने शब्द दिला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. तिचं आणि सासूबाईंचं सख्य होतं असं नाही. चपला कुठे काढायच्या यावरून त्यांचा एक वाद सहा वर्षं चालू होता. पण ही बाई आपल्यासाठी पंधरा आठवडे पहाटे उठून फडकं धूत होती, हे तिच्या मनाला फार लागलं.

नमुने रद्द करायच्या अर्जात दोन रकाने असतात. 'कारण' पुढे तिने लिहिलं: यंत्र झाकलेलं राहिलं. 'जबाबदार व्यक्ती' पुढे स्वतःचं नाव. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, हा शेरा तुमच्या फाइलला कायमचा चिकटणार हे माहीत आहे ना. बढतीचा विचार करा. ती म्हणाली, केला.

सुनावणीला सगळी गल्ली लोटली होती. समोर टेबलामागे सुनावणीचे अधिकारी, उजवीकडे खडीशेठ आणि त्यांचा वकील, मागच्या बाकांवर बासष्ट घरांच्या सह्या जातीने हजर. सासूबाई शेवटच्या बाकाच्या टोकाला बसल्या होत्या, बाक आधी पुसून.

वकील नाकाने कांदे सोलणारा होता, पण हुशार होता. त्याने सुनेला उभं केलं. यंत्र तुमच्या घरी, किल्ली तुमच्याकडे, आणि तीस वेळा ते झाकलं गेलं तरी तुम्हाला दिसलं नाही? मग तुम्हाला तुमचं काम येत नाही. आणि काम येत असेल, तर आकडे शेजाऱ्यांना आवडले नाहीत म्हणून शेवटच्या दिवशी ही गोष्ट रचली. दोहोंपैकी काय ते सांगा. सून म्हणाली, यंत्र माझ्या ताब्यात होतं, चूक माझी. वकील म्हणाला, चूक नको, पुरावा हवा. पुरावा नसेल तर अहवाल आहे तसा धरावा आणि परवानगी द्यावी.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "ते झाकलेलं तुमच्याशिवाय प्रत्यक्ष कुणी पाहिलं?"

सुनेने मान खाली घातली. उत्तर तिच्याकडे होतं, पण त्याच्यावर तिच्याच शब्दाचं कुलूप होतं. खडीशेठ घड्याळाकडे बघू लागले.

"मी पाहिलं," मागून आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. "मीच झाकत होते."

वकिलाने त्यांना पुढे बोलावलं. म्हातारी बाई, दोन प्रश्नांत गारद होईल असं त्याला वाटलं असणार. त्याने मोठ्या गोडीने विचारलं, आजी, कशासाठी झाकत होता? धूळ बसू नये म्हणून, सासूबाई म्हणाल्या.

"पण अहवालात तर धूळ नाहीच, आजी."

"अहवालात कशी असेल? ती माझ्या बादलीत होती," सासूबाई म्हणाल्या. "तीन पाण्यांशिवाय फडकं निघायचं नाही. पहिलं पाणी मोरीत ओतायची सोय नाही, खाली गाळ बसतो. कुंडीत ओतलं तर झाड दगावलं."

सभागृह हसलं. ज्या हसण्याला त्या भीत होत्या तेच हे हसणं, आणि त्या ते ऐकत ताठ उभ्या राहिल्या. त्यांचे कान लाल झाले होते. सगळ्यांत मोठ्याने शिंपीकाकू हसल्या. मग हसणं थांबवून त्यांनी आपल्या शेजारच्या बाईला सरकायला लावलं आणि बाकावर सासूबाईंसाठी जागा केली. बसण्यापूर्वी सासूबाईंनी ती जागा पुसली नाही, हे सुनेने पाहिलं.

निकाल तिथेच झाला. तीस नमुने रद्द, नवे तीस घ्यायचे, तोवर दुसरी पाळी नाही. सुनेच्या फाइलला निष्काळजीपणाचा शेरा बसलाच. कायदा तेवढा कनवाळू नव्हता. वर एक अट आली: यंत्र चालू असताना कुणी त्याला हात लावायचा नाही आणि गच्ची झाडायची नाही. पुसायचीही नाही का, असं सासूबाईंनी विचारलं. पुसायचीही नाही, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं, आणि प्रश्नासकट ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

नव्या पहिल्या नमुन्याचा दिवस सासूबाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. जिन्याच्या तळाशी स्टूल टाकून त्या बसून राहिल्या, वर कुणी जाऊ नये म्हणून, आणि मुख्यतः स्वतः जाऊ नये म्हणून. मुलाने डेपोतून फोन करून चौकशी केली तर त्याला म्हणाल्या, पाय पुसून ये.

दुसऱ्या दिवशी सातला त्या सुनेच्या मागोमाग गच्चीवर आल्या, हात पाठीमागे घट्ट धरून. सुनेने हातमोजे घातले, छप्पर उचललं आणि चिमट्याने कागद अलगद काढला. कागद काळसर राखाडी झाला होता. चौकटीखाली दबलेली कड तेवढी चारी बाजूंनी पांढरी राहिली होती. वजन व्हायचं होतं, पण कागद काय म्हणतो ते आता तिच्या डोळ्यांना दिसत होतं. हा शंभरात बसणारा नव्हता.

"एका दिवसाची?" सासूबाईंनी विचारलं.

"एका दिवसाची."

सासूबाई वाकून बघत राहिल्या. सुनेला वाटलं, आता विचारतील की पास का नापास. पण त्या वेगळंच बोलल्या.

"मी लग्न होऊन आले त्याच वर्षी हा कारखाना सुरू झाला. माझ्या सासूबाई रोज खिडकीच्या कडेवरून बोट फिरवायच्या आणि ते बोट मला दाखवायच्या. म्हणायच्या, हिच्या हाताला झाडणं माहीत नाही. जाईपर्यंत म्हणत होत्या. मला खरंच वाटायचं, मीच कुठेतरी कमी पडते. तेहतीस वर्षं."

नियमाप्रमाणे कागद काढल्याबरोबर पाकिटात जायला हवा होता. सुनेने तो सासूबाईंसमोर आणखी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.