अंगठ्याएवढं लोणी

नाकाच्या दांडीवरून खाली उतरत आलेली पांढरी रेघ यूगुदानं मध्येच थांबवली. आरशात, त्याच्या उजव्या कानामागे, त्याच्या बायकोचा लोण्याचा तुंबा, वाळक्या भोपळ्याचा, दिसत होता.

तुंबा पलीकडच्या बाभळीखाली होता, म्हणजे पाहुण्यांच्या बाभळीखाली, आणि पाहुण्यांतही तरण्या दिक्कोच्या मांडीशी. ओळखण्यात चूक व्हायला जागा नव्हती. न्यालेलनं तापल्या सळईनं त्याच्यावर चार गोल उठवले होते. त्यातला चौथा चेपका होता, कारण तो उठवताना यूगुदानं तिला हसवलं होतं. दिक्कोनं झाकण काढलं, चार बोटं भरून लोणी घेतलं आणि गालांना फासलं. वारा इकडेच येत होता. लोण्यात लवंग होती.

"दादा, रेघ वाकडी गेली," शेजारी बसलेला देम्बो म्हणाला. तो यूगुदाचा चुलतभाऊ, यंदा दुसऱ्यांदा नाचणार होता.

"गेली नाही. थांबलीय."

"कशासाठी?"

"दम खायला. माझं नाक काय आखूड आहे?"

देम्बो हसला. यूगुदानं आरसा मांडीवर पालथा घातला.

खाऱ्या कुरणावर भटक्या गुराख्यांची दोन घराणी उतरली होती, आणि दुपारी नाच होता. या लोकांत रंगायचं काम पुरुषांचं आणि पारखायचं काम बायकांचं. रंगायला बसण्याआधी एक विधी असे. वर्षभरात ज्याच्या हाती जे लागलं ते त्यानं घोंगडीवर मांडायचं आणि यूगुदानं निकाल द्यायचा. त्याचा शब्द शेवटचा. काजळाचा नुसता वास घेऊन, ज्या बगळ्याची हाडं जाळून ते केलं तो कोणत्या तळ्यावर उतरत होता, हे तो सांगे. एकदा तर बगळा विधुर होता हेही त्यानं सांगितलं, आणि खोटं म्हणायला बगळा कुठे शिल्लक होता? आज सकाळीही त्यानं सगळं निकालात काढलं होतं. सहा दिवसांच्या वाटेवरच्या डोंगरातली पिवळी माती उत्तम. डब्यातली पिवळी पूड, पाहुण्यांसमोर बरी, उन्हासमोर नाही. ओठांना विजेरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड सगळेच लावतात, पण यंदाच्या सेलांत दम नाही. एकानं आगादेझच्या बाजारातून रंग उजळवणाऱ्या मलमाची नळी आणली होती. यूगुदानं ती नाकापाशी नेली आणि लगेच लांब धरली.

"आज लावशील, उद्या उजळशील, परवा सोलून निघशील. गाढवाला लाव. नको, गाढवानं काय केलंय."

पहिला क्रमांक मात्र तो नाच झाल्यावर देई. रंग खरा की खोटा ते सावलीत कळत नाही.

आता त्यानं कमरेच्या कातडी पिशवीतून एक पान काढलं. पानावर लोणी होतं, अंगठ्याच्या पेराएवढं. सकाळी न्यालेलनं ते त्याच्या हातावर ठेवलं होतं. "यंदा एवढंच," ती म्हणाली होती, मान वर न करता. गाई आटल्यात हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तो काही बोलला नव्हता. दूध बायकांचं, लोणी बायकांचं. त्यात पुरुषानं बोलायचं नसतं. पण दर वर्षी त्याला तुंबाभर मिळत आलं होतं, आणि यंदा तुंबा दिक्कोच्या मांडीशी होता.

बायको नाचातल्या दुसऱ्याबरोबर निघून जाते, हे काय असतं ते यूगुदाइतकं कुणाला ठाऊक होतं? नऊ वर्षांपूर्वी न्यालेल दुसऱ्याची बायको होती. बापानं लहानपणीच ठरवून दिलेली. त्या वर्षीच्या नाचात तिचा तो नवरा यूगुदापासून तिसरा उभा होता. तास झाला नाही तोच त्याच्या तोंडावरचा रंग असा ओघळला की त्याला त्याच्या आईनं हाक मारली ती दुसऱ्याच्या नावानं. यूगुदा सूर्यासारखा कोरडा. उजाडेपर्यंत न्यालेल त्याच्या बैलावर बसून चार कोस गेली होती. "माझं रूप पाहून बिचाऱ्याला घाम फुटला," हे यूगुदा दर वर्षी सांगे, आणि दर वर्षी तो घाम वाढत जाई. गेल्या वर्षापासून त्याचं डबकं झालं होतं आणि त्यात वासरं पाणी प्यायला येऊ लागली होती.

आता यूगुदा छत्तीसचा होता. उन्हाळ्यात एका गाईनं लाथ मारून त्याचा पुढचा दात पाडला होता. आणि या नाचात दात दाखवल्याशिवाय भागत नाही.

सावली पडली म्हणून त्यानं वर पाहिलं. दिक्को उभा होता. बावीस वर्षांचा, बांबूसारखा उंच, मान अशी की खाली बघायला तिला वेळ लागावा. हातात तुंबा.

"काका," तो अदबीनं म्हणाला.

काका. देम्बोनं पटकन तोंड फिरवलं.

"बोल."

"काजळ कोणतं लावू? लोक म्हणतात, तुमच्या पिढीत तुमच्याइतकी पारख कुणाला नव्हती."

"आमच्या पिढीतले अजून दोघं-तिघं जिवंत आहेत. त्यांना विचारून बघ."

"तुम्हीच सांगा ना."

पारख्याला विचारलं की खरं सांगावं लागतं. यूगुदानं दोन पुड्या सोडल्या, हुंगल्या आणि एक पुढे केली. चांगली होती तीच. "हे. पापणीच्या आत ओढ. बाहेर आलं की घुबड दिसशील."

"उपकार झाले." दिक्कोनं तुंब्याचं झाकण उघडलं. "लोणी घ्या थोडं. माझ्याकडे भरपूर आहे."

चारही गोल यूगुदाच्या नाकासमोर होते. बोट बुडवायचं, चोळायचं, चव बघायची, ही त्याची वीस वर्षांची खोड. बोट उचललंही गेलं. मग त्यानं त्याच बोटानं भुवई खाजवली.

"माझं आहे माझ्याकडे."

"एवढंच?" दिक्कोनं पानाकडे पाहिलं.

"माझा चेहरा लहान आहे," यूगुदा म्हणाला.

दिक्को गेला. मत्सर दाखवणारा पुरुष या लोकांत भर बाजारात नागड्यानं फिरल्यासारखा. यूगुदानं आरसा उचलला, अंगठ्याएवढं लोणी कपाळापासून हनुवटीपर्यंत, रेघ राखून, कवडीचुंबक माणूस खर्च करतो तसं पसरलं, त्यावर पिवळी माती दाबली आणि थांबलेली रेघ पुरी केली. सरळ आली. हात तेवढा ताब्यात होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा पुरुष खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पगडीत शहामृगाची पिसं, गळ्यात मण्यांच्या माळा, टाचा वर. गाणं एका टोकाला सुरू झालं आणि दुसऱ्या टोकाला मधमाश्यांसारखं घुमलं. डोळे विस्फारायचे, दात दाखवायचे, मान हलवायची आणि पापणी लववायची नाही. दिक्को यूगुदापासून तिसरा होता. समोर बायका बसल्या होत्या, त्यात दुसऱ्या ओळीत न्यालेल. तिचं तोंड ओढणीत अर्धं होतं. कुणाकडे बघते आहे ते कळत नव्हतं.

म्हाताऱ्या नेहमीप्रमाणे रांगेसमोर फिरू लागल्या. टोमणे मारायचा त्यांना हक्क असतो. लादी आजी यूगुदासमोर येऊन थांबली आणि त्याच्या तोंडात वाकून बघू लागली.

"अगं बाई, हे दार कुणी उघडं टाकलं? आत कोंबड्या शिरतील."

बायका हसल्या. दुसऱ्या वर्षी असतं तर यूगुदानं ओठ मिटले असते आणि नाच तिथेच संपला असता. पण आज त्याच्याकडे राखण्यासारखं काय उरलं होतं? त्यानं तोंड आणखी उघडलं, पडलेल्या दाताच्या खिंडीतून शिट्टी वाजवली आणि मान अशी डोलावली की पिसानं आजीचं कपाळ झाडलं.

"निर्लज्ज," लादी आजी म्हणाली, आणि जाता जाता तिनं त्याच्या छातीवर एक चापटी मारली. म्हातारी चापटी मारते ती आवडलेल्याला.

ती पुढे सरकली आणि दिक्कोसमोर उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. लादी आजी गप्प बसली की लोक माना वळवून बघतात.

दिक्कोचा चेहरा चालू लागला होता. आधी कपाळावरची पिवळी कड भुवईत उतरली. मग काजळ गालांवर आलं, नाकावरची पांढरी रेघ हनुवटीवरून गळ्यातल्या मण्यांत शिरली. ऊन जसजसं तोंडावर येत होतं तसतसं ते तुपकट, चकचकीत, थेंबाथेंबानं खाली येत होतं. नियम कडक होता. त्याला पुसता येईना, डोळे मिटता येईनात. तो बिचारा दात दाखवत राहिला.

"बाळा," लादी आजी शेवटी म्हणाली, "तू घरी जा. चेहरा मागून येईल."

हसणं असं उठलं की गाणं थांबलं.

मुलींनी शेवटी अठरा वर्षांच्या एका पोराला निवडलं. ते योग्यच होतं. यूगुदाच्या तोंडावर मात्र रेघ न् रेघ जागेवर होती, आणि देम्बोनं ती चारचौघांना बोट लावून दाखवली. पण यूगुदानं कौतुक ऐकायला थांबायचं टाळलं. तुंबा दिक्कोकडेच होता, आणि पुढचं त्याला पाठ होतं. नाच झाला की बायका उठतात, पाणी आणायला म्हणून जातात आणि कुणाच्या तरी बैलावर बसतात. तो गाईंकडे गेला आणि त्यांच्यातच झोपला, म्हणजे घरचं अंथरूण रिकामं आहे का ते बघायला नको.

सकाळी तो परत आला तो घराकडे पाठ करूनच बसला. वळून बघणं त्याच्या मानेला झेपेना. त्यानं आरसा काढला आणि खांद्यावरून मागे रोखला.

पलंगाचे दांडे सुटे करून बांधलेले. तुंबे एकात एक घालून चटईत गुंडाळलेले. त्यावरून काही कळेना, कारण आज सगळेच कुरण सोडत होते. मग आरशात न्यालेलचे डोळे आले.

"समोरून बघितलंस तरी चालेल," ती म्हणाली.

तो वळला. ती गाढवाच्या पाठीवर दोरी टाकत होती. चार गोलांचा तुंबा, घासूनपुसून लख्ख, सगळ्यांच्या वर होता.

"परत आला वाटतं," यूगुदा म्हणाला.

"मी सांगून पाठवला होता. भांडं परत कर म्हणून."

"त्यात काय होतं?"

"लोणी."

"तेवढंच?"

तिनं दोरी ओढली. "आणि बाजारातलं शेंगदाण्याचं तेल. यंदा खरं लोणी एवढंच निघालं होतं." तिनं अंगठ्याचं पेर दाखवलं.

यूगुदा बसल्या जागी थोडा पुढे सरकला. "मला सांगायचंस तरी."

"तू बोट घातलं असतंस आणि त्याला सांगून टाकलं असतंस. यातलं खोटं तुला बोलता येत नाही."

"मागे लागला होता, तर नाही म्हणायचंस त्याला. तोंड होतं ना?"

"नाही म्हटलं की हे पुढच्या वर्षी परत येतात. हसू झालं की येत नाहीत."

यूगुदानं मान हलवली. आरसा त्यानं फिरवला, त्यात स्वतःकडे पाहिलं, दाताची खिंड पाहिली. मग त्याला पान आठवलं. कालचं नाही. नऊ वर्षांपूर्वीचं, एका परक्याच्या बायकोनं विहिरीपाशी चालता चालता त्याच्या हातावर ठेवलेलं, वर अंगठ्याएवढं लोणी. आणि त्या नवऱ्याचा तोंडावरून ओघळलेला रंग.



"त्या वर्षी," त्यानं सावकाश विचारलं, "त्याला तुंबाभर दिलं होतंस का?"

न्यालेल दोरीची गाठ आवळत होती.

"त्याही वर्षी गाई आटल्या होत्या," ती म्हणाली.

लांबून पाहुण्यांच्या गुरांच्या घंटा वाजत गेल्या. यूगुदानं तोंड उघडलं, आणि खिंडीतून नुसती हवा आली.

"गोष्ट सांगत राहा तू," ती म्हणाली. "चांगली आहे. फक्त ती वासरं काढ."

मग तिनं हात पुढे केला. "पिशवी दे."

"कुठली?"

"रंगाची. आरसाही."

पुरुषाची रंगाची पिशवी पुरुषाच्या कमरेला असते. बायकांच्या तुंब्यांत ती कधी जात नाही. यूगुदानं बंद सोडला आणि दोन्ही तिच्या हातात दिलं. चार गोलांच्या तुंब्यात तिनं ते ठेवलं आणि झाकण लावलं.

तेवढ्यात गुरं हाकत देम्बो तिथून निघाला.

"दादा, वर्षाचा पहिला नंबर सांगायचा राहिला. काजळच ना?"

"लोणी," यूगुदा म्हणाला.

"लोणी? कुणाचं?"

बायकोचं नाव तोंडानं घेणारा माणूस त्या कुरणावर अजून जन्मायचा होता. यूगुदानं ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. शेवटी त्यानं पापणी न लववता डोळे विस्फारले आणि भर सकाळी, रंगाशिवाय, देम्बोला सगळे दात दाखवले.

न्यालेलला हसू आलं, आणि आवळत आणलेली गाठ वाकडी बसली.