दिव्यावरची टिकली

दत्तात्रेयकाकांची गाडी आरे-वारेच्या चढावर बरेच दिवस बंद उभी होती. आज टोचन करून माझ्या गॅरेजात आणली. बॅटरी पार उतरलेली, कारण अल्टरनेटरचा पट्टा झिजून घसरत होता. म्हणजे डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतच असणार. बघतो तर दिव्यावर टिकली चिकटवलेली!

माझं डोकंच फिरलं. "काका, दिवा झाकला की बिघाड जातो होय? ही अक्कल कुणाची?"

"आमच्या हिची. दिव्यावरून मी सारखा करवादायचो, म्हणून तिनं कपाळाची काढून लावली. मग तिला हॉस्पिटलात नेताना त्या चढावर गाडी बंद पडली. गाडीतच गेली ती."

मी पट्टा बदलला, टिकली काढायला नख लावलं.

"राहू दे रे," काका म्हणाले. "घरातल्या तिच्या टिकल्या सुनेनं टाकून दिल्या."