पाच पायऱ्या आणि एक अंगठा

आमच्या सिगारच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं वाचते. दोनशे माणसं पानं वळतात आणि मी चौथऱ्यावर बसून त्यांना कादंबऱ्या वाचून दाखवते, हीच माझी नोकरी. आवडलं की ती पानं कापायची पाती फळीवर ठोकतात. नाही आवडलं तर पाती जमिनीवर टाकतात. आमच्या पिनार देल रियो गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

भांडण मिटवायला हवानाहून आलेल्या तज्ज्ञाला मात्र ठाऊक नव्हतं.

भांडण होतं बासिलियो आणि ओनेलियाचं. बासिलियो आमचा सर्वांत जुना कारागीर. ओनेलिया त्याच्याच हाताखाली शिकली आणि आता तपासनीस झाली. तीन आठवडे ती त्याच्या सिगारी सगळ्यांदेखत मोडत होती, कारण आत पान इतकं घट्ट की झुरका येईना. चौथ्या आठवड्यातही तसंच झालं, तर म्हाताऱ्याची खुर्ची जाणार आणि तो पानांच्या शिरा काढायला बसणार. तो तिला बेइमान म्हणाला, ती त्याला आडमुठा. बोलणंच बंद.

मग हा उंटावरचा शहाणा आला. 'विधायक संघर्ष: पाच पायऱ्या' नावाचं चोपडं त्यानं माझ्या हाती दिलं. कादंबरीतला खून कोणी केला ते पुढच्याच पानावर होतं, आणि मी वाचत होते, "पायरी दुसरी: समोरच्याच्या भावनांना जागा द्या." जळली मेली ती जागा! पाचव्या पायरीला त्यानं फोटोसाठी दोघांना मिठी मारायला लावली. दोन ओंडके एकमेकांना टेकवावेत तशी ती मिठी. दोनशे पाती खाली आदळली. साहेब वाकून आभार मानू लागला! "किती प्रेम हो तुमचं!" म्हणाला आणि जेवायला गेला.

पडलेलं पातं उचलायला बासिलियो वाकला. दोनदा ते त्याच्या हातातून निसटलं. ओनेलिया शेजारीच उभी होती.

"मास्तर, अंगठा दाखवा."

"कशाला? तोही मोडणार आहेस का?"

"दाखवा म्हणते ना!"

अंगठा सुजून टम्म झाला होता, वाकतच नव्हता. म्हणून म्हातारा तळहातानं पान दाबत होता.

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"मग मूग गिळून का बसलात?"

"तू विचारलंस कधी? नुसती मोडत सुटलीस."

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पण तुमचंही चुकलं." मग स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसली. "अंगठा बरा होईपर्यंत आतली बांधणी मी करते, वरचं पान तुम्ही चढवा."

मला लाज वाटली. चौथऱ्यावरून तो हात मला रोज दिसत होता.

शनिवारी चौथ्या आठवड्याची तपासणी झाली. साहेबाचा अहवाल तोवर आलाही होता: मिठीमुळे संघर्ष मिटला, सोबत फोटो. ओनेलियानं बासिलियोच्या फळीवरची एक सिगार उचलली. झुरका येईना. तिनं ती सगळ्यांदेखत मोडली.

"बांधणी कुणाची?" म्हातारा ओरडला.

"माझीच!"

"मग नीट शीक, पोरी!"

बाकीच्या सगळ्या पास झाल्या. खुर्ची राहिली. पाती फळ्यांवर इतकी वाजली, की मला वाचन थांबवावं लागलं.