मास्तरांचा राखाडी

गाड्या रंगवणाऱ्या मास्तरांनी जन्मात कधी रंग काट्यावर मोजून मिसळला नाही. गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण काढून आणायचं, उजेडात धरायचं आणि या डब्यातलं एवढं, त्या डब्यातलं तेवढं. उन्हाने दहा वर्षं विटलेली गाडी असली तरी पत्रा कुठे संपला आणि प्लास्टिकचा बंपर कुठे सुरू झाला, हे खुद्द मालकाला कळायचं नाही. म्हणून तर माणसं लांबून यायची.

गेले सहा महिने मात्र हा सगळा डोलारा त्यांची लेक सांभाळत होती, आणि मास्तरांना त्याचा पत्ताच नव्हता.

झालं असं, की एका राखाडी गाडीचा बंपर उन्हात आला आणि चक्क हिरवट दिसला. मालक बघतच राहिला. मास्तर म्हणाले, "बघा, डिट्टो." चूक माझी, पुन्हा करून देते, असं सांगून लेकीने मालकाची समजूत काढली. तेव्हापासून वडील जेवायला घरी गेले की ती त्यांचा रंगाचा डबा फळीमागे सरकवायची, नवा रंग मिसळायची आणि तोच मारायची. त्यांचा रंग संध्याकाळी गुपचूप ओतून द्यायची. डोळे दाखवून या म्हटलं की म्हातारा उसळायचा. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" अशा माणसापुढे कोण डोकं फोडणार? आणि खरं सांगायचं तर तिलाच धीर नव्हता. ज्याने रंग शिकवले, त्याला तुम्हाला रंग दिसत नाहीत हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आज मास्तर जेवून लवकर परतले. ब्रश शोधता शोधता फळीमागे हात गेला. डबा लागला. त्यांनी तो उचलून हातात तोलला.

"बंपर झाला ना रंगवून?"

"हो, बाबा."

"मग डबा भरलेला कसा?"

लेकीने काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, पण जमेना. हातातला पॉलिश पेपर खाली ठेवून तिने सगळं सांगून टाकलं. आता आरडाओरडा होणार, असं तिला वाटलं. झाला असता तर बरं झालं असतं.

मास्तरांनी प्रायमर मारलेला बंपरचा एक तुकडा पुढे केला. "अर्ध्यावर माझा मार, अर्ध्यावर तुझा."

तिने मारला. तुकडा वाळला. मग दोघं तो आणि झाकण घेऊन बाहेर उन्हात आले. तिचा अर्धा झाकणासारखाच राखाडी, त्यांचा शेवाळी. शेंबड्या पोरालाही कळला असता, इतका फरक.

मास्तरांनी तुकडा झाकणाला लावून पाहिला. जवळ धरला, लांब धरला, तिरका केला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा पाहिलं. लेकीला फार रडू येत होतं, पण ती नुसती उभी राहिली.

"दोन्ही छान जमलेत," ते शेवटी म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "यातला माझा कुठला गं?"